आमदार महोदय, आपले परिचयपत्र पुन्हा लिहा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : आपली पार्श्वभूमी आणि आपले प्राधान्यक्रम मतदाराला तपासता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय / महोदया,

आमदाराच्या कार्य अहवालाची पुस्तिका कशी असते हे आपल्याला सांगायला नको. पहिल्या पानावर नेत्यांचे फोटो, मग जीवनपट, भूषवलेली पदे, पुढे ‘यांच्या प्रयत्नांतून मंजूर’ झालेल्या कामांची यादी आणि शेवटी कोटींची बेरीज. ही पुस्तिका वाचून मतदाराला दोन गोष्टी कळायला हव्यात. हा माणूस कोण आहे आणि पाच वर्षांत त्याला काय घडवायचे आहे. दोन्ही कळत नाहीत. पदांची यादी ही पार्श्वभूमी नव्हे आणि मंजुऱ्यांची यादी हे धोरण नव्हे.

आम्ही विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या, अर्थसंकल्पाची पुस्तके आणि शासन निर्णय नेमाने वाचणारे काही नागरिक आहोत. आपण स्वतःविषयी आणि स्वतःच्या कामाविषयी जे सांगाल ते आम्हाला कागदाशी ताडून पाहता यावे, एवढीच आमची मागणी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या आपणा २८८ जणांपैकी कोण सत्तेत आणि कोण विरोधात, याचा इथे संबंध नाही.

आधी पार्श्वभूमी. उमेदवारी अर्जासोबत आपण नमुना २६ मध्ये शपथपत्र दिले आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधले कलम ३३अ आणि सर्वोच्च न्यायालयाचे २००२ व २००३ चे निकाल यांमुळे ते बंधनकारक झाले. गुन्हे, जंगम आणि स्थावर मालमत्ता, देणी, शासकीय थकबाकी, उत्पन्नाचे स्रोत, शासनाशी असलेली कंत्राटे, शिक्षण हे सगळे त्यात येते. २०१९ पासून मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतले उत्पन्नही द्यावे लागते. रकाना कोरा सोडता येत नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावेच लागते, हे न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. माहिती दडवली किंवा खोटी दिली तर कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे उत्तम दस्तऐवज आधीच तयार आहे. पण तो स्कॅन केलेल्या पानांत अडकलेला असतो आणि अर्ज भरला त्या दिवशी गोठतो. खासदाराला शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्तेची माहिती सभागृहाच्या प्रमुखांना द्यावी लागते, ते कलम ७५अ. हे कलम संसदेपुरते आहे. आमदाराच्या मालमत्तेचा पुढचा आकडा मतदाराला दिसतो तो थेट पुढच्या निवडणुकीत. म्हणून दरवर्षी ३१ मार्चची स्थिती दाखवणारे तेच रकाने टंकलिखित करून स्वतःहून प्रसिद्ध करा. कायदा अडवत नाही आणि खर्चही काही नाही.

गुन्ह्यांच्या रकान्याबाबत ‘सगळे राजकीय गुन्हे आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. ते नेहमी खोटे असते असेही नाही. आंदोलन केले की जुन्या दंड संहितेची १४३ आणि १८८ ही कलमे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १३५ लागते, हे कुठल्याही कार्यकर्त्याला पाठ असते. असे वीस गुन्हे असले तरी मतदार दचकत नाही. ४२० (फसवणूक), ४०९ (विश्वासघाताने अपहार) किंवा ३०७ (खुनाचा प्रयत्न) चा एकच गुन्हा मात्र निराळा. सगळे एकाच बेरजेत टाकले की खऱ्या आंदोलकाची बदनामी होते आणि फसवणुकीचा आरोपी गर्दीत लपतो. तेव्हा तक्ता द्या. गुन्हा क्रमांक, न्यायालय, कलमे, दोषारोप निश्चित झाले का आणि पुढची तारीख. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व लगेच जाते, अपील केले म्हणून ते टिकत नाही, हे २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून ठरलेले आहे. खटला कोणत्या टप्प्यावर आहे यावर पोटनिवडणूक अवलंबून असते, म्हणून ही माहिती आपली खासगी बाब राहत नाही.

आता शपथपत्रात न येणारी गोष्ट. आपल्या राज्यात आमदाराची खरी पार्श्वभूमी पुष्कळदा संस्थांमध्ये असते. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती, शिक्षण संस्था. संस्था आपल्या नावावर नसते, म्हणून मालमत्तेच्या रकान्यात दिसत नाही. पण ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) मिळालीच पाहिजे या नियमावर सभागृहात चर्चा होते, कारखान्यांच्या कर्जाला शासनहमी देण्याचा विषय निघतो, विनाअनुदानित तुकड्यांना अनुदान देण्याची मागणी येते, तेव्हा आपण कोणत्या खुर्चीवरून बोलता हे ऐकणाऱ्याला माहीत असायला हवे. संस्थेत असणे यात गैर काही नाही. कारखाना चालवलेल्या माणसाला उसाचे अर्थकारण इतरांपेक्षा अधिक कळते. फक्त भाषणाआधी ‘मी अमुक कारखान्याचा अध्यक्ष आहे’ असे एक वाक्य उच्चारा आणि परिचयपत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि मुलांची अशा संस्थांतली पदे लिहा. कंत्राटांचेही तसेच. शासनाशी चालू कंत्राट असेल तर कलम ९अ खाली आपण स्वतः अपात्र ठरता, पुतण्याची फर्म त्यात येत नाही. ती येत नाही म्हणूनच सांगायला हवी.

प्राधान्यक्रमांकडे वळू. जाहीरनाम्यांतला पहिला गोंधळ अधिकाराचा असतो. नवी रेल्वे मार्गिका, राष्ट्रीय महामार्ग, टपाल हे संघसूचीतले विषय. गटार, पथदिवे, घनकचरा स्थानिक संस्थेचे. आमदार जिथे कायदा आणि पैसा दोन्ही हलवू शकतो ते विषय राज्यसूचीत आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन, स्थानिक शासन. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, पण शाळा, शिक्षक आणि त्यांचे पगार आजही मुख्यतः राज्याच्याच हाती आहेत. रेल्वेसाठी दिल्लीला निवेदन जरूर द्या, फोटोही काढा. ते आपले प्राधान्य आहे असे मात्र लिहू नका, कारण त्याचा हिशेब आपल्याकडून मागता येत नाही.

राज्यसूचीतले तीन विषय निवडा. दहा नकोत. प्रत्येक विषय एका वाक्यात असा लिहा की त्यात चार गोष्टी येतील : काय बदलायचे, ते कायद्याने, नियमाने की शासन निर्णयाने, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या क्रमांकित सदरातून) आणि कधीपर्यंत. ‘मतदारसंघातील आरोग्यसेवा सक्षम करणे’ या वाक्यात यातले काहीच नाही.

असे प्राधान्य कसे दिसते याचे उदाहरण याच विधिमंडळाच्या इतिहासात आहे. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात ती करून पाहिली गेली, १९७२ मध्ये योजना राज्यभर आली, १९७७ मध्ये अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. यातला निर्णायक भाग भाषणांत सहसा सुटतो. पैसा कुठून येणार हेही कायद्यानेच ठरवले गेले. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठी आणला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी रक्कम आणि माळरानावर चाललेले नालाबंडिंग यांची सांधेजोड केली होती, म्हणून योजना अर्थसंकल्पाच्या मर्जीवर राहिली नाही. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

प्राधान्य ठरले की सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाया घालवले जाणारे हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा, साचा आपल्याला ठाऊक आहे. ‘(१) अमुक गैरप्रकार झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ चार उपप्रश्न एका ओळीत संपले. हे असे होते कारण पहिल्या उपप्रश्नात पाच-सहा विधाने एकत्र कोंबलेली असतात. गावाचे नाव, रक्कम, महिना, अधिकाऱ्याचे पद, तक्रारींची संख्या. त्यातले एक जरी चुकले, म्हणजे ४२ लाखांऐवजी ४१ लाख असले, तरी विभागाला संपूर्ण विधान नाकारता येते. फार झाले तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे लिहून येते.

उपाय सोपा आहे. पहिल्या उपप्रश्नात एकच निर्विवाद गोष्ट ठेवा, तीही शासनाच्याच कागदातली. उदाहरणार्थ, अमुक दिनांकाच्या शासन निर्णयाने अमुक ग्रामीण रुग्णालयास मान्यता दिली आहे, हे खरे आहे काय. हे नाकारता येत नाही, त्यामुळे पुढचे उपप्रश्न जिवंत राहतात. पुढे ‘कार्यवाही’ विचारू नका, आकडे विचारा. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त पदे कोणत्या दिनांकापासून, भरतीचा प्रस्ताव कोणाकडे आणि केव्हापासून प्रलंबित. ‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तराला तळ नसतो. दिनांकाला असतो. निव्वळ आकडेवारी हवी असेल तर फक्त लेखी उत्तर मिळणारा अतारांकित प्रश्न द्या. तारांकितांपैकी मोजकेच सभागृहात पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे छापील यादीतच राहतात. त्या यादीतले उत्तरही अधिकृतच असते आणि पुढच्या लक्षवेधीचा (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेचा) पाया म्हणून वापरता येते. दुर्दैवाने यादी छापून आली की ती उघडून पाहणारे सदस्य थोडे.

नियम १०५ खालची लक्षवेधी लागली की मंत्र्यांचे लेखी निवेदन आधी हातात येते. ते वाचा. निवेदनात नेमके काय टाळले आहे तेवढेच विचारा. पाच मिनिटांची पार्श्वभूमी सांगून शेवटी ‘शासन यावर काय करणार’ असे विचारले की मंत्री ‘सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन सकारात्मक विचार करू’ म्हणतात, आणि विषय संपतो. ‘तपासून घेऊ’, ‘बैठक लावू’, ‘सकारात्मक आहोत’ ही ठाम आश्वासने नव्हेत. मंत्र्यांची आश्वासने पाळली गेली का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे नीट पाठपुरावा करता येतो तो ठाम विधानांचा. ‘तीन महिन्यांत पदे भरण्यात येतील’, ‘या अधिवेशनाच्या आत अहवाल पटलावर ठेवू’. म्हणून उपप्रश्नाचा शेवट नेहमी तारखेवर करा. मंत्री तारीख देत नसतील तर नकारही नोंदला जातो आणि तोही उपयोगी असतो. आश्वासन मिळाल्यावर कार्यवाहीतला तो परिच्छेद काढून घ्या, तारीख उलटली की समितीकडे लेखी द्या. एवढा पाठपुरावा करायला कार्यालयात एक चांगली नोंदवही पुरते.

आता पैसा, आणि इथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण सगळ्यात जास्त फसवणूक, पुष्कळदा आमदाराचीही, इथेच होते.

‘काम बजेटमध्ये आले’ या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या लेखाशीर्षात आले ते सांगा. रस्त्याचे नवे काम किंवा मोठी सुधारणा ५०५४ खाली असते, देखभाल दुरुस्ती ३०५४ खाली. गावांतर्गत काँक्रीट रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक असे लोकप्रतिनिधींनी सुचवलेले काम असेल तर ते ‘२५१५’ मधून. लेखाशीर्ष कळले की काम कोणाच्या अखत्यारीत आहे, पैसे कोण सोडणार आणि पुढची दुरुस्ती कोणाच्या गळ्यात पडणार हे कळते. त्यानंतर अंदाजित किंमत आणि या वर्षाची तरतूद शेजारी ठेवून पाहा. ४० कोटींच्या रस्त्याला ३ कोटींची तरतूद असेल तर त्या गतीने काम पुरे व्हायला तेरा वर्षांहून अधिक लागतील. तोवर दर वाढतात, ठेकेदार थांबतो, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. काही लाखांची टोकन तरतूद म्हणजे काम पुस्तकात छापून आणण्याची सोय. त्यावर नारळ फोडणे म्हणजे मतदाराला आणि स्वतःलाही फसवणे. तरतूद झाली तरी ती खर्चाला उपलब्ध होतेच असे नाही. निधी किती वितरित झाला ते बीम्स या राज्याच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर दिसते. तेवढाच आकडा खरा.

आपल्या पुस्तिकेत ‘मंजूर’ या एकाच शब्दाखाली सहा निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. प्रस्ताव सादर, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष खर्च. प्रत्येक कामापुढे यातली कोणती अवस्था आहे ते आणि तिचा दिनांक लिहा. काम संपले असेल तर दोष दायित्व कालावधी कधी संपतो तेही लिहा. त्या मुदतीत उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, हे गावाला माहीत नसते. मुदत संपली की तोच खड्डा पुन्हा सरकारी पैशाने बुजवला जातो. ही एक तारीख छापल्याने जितका पैसा वाचेल तितका कुठल्याही चौकशी समितीने वाचणार नाही, असे आमचे मत आहे.

स्थानिक विकास निधीचे प्रमाणही जरा मांडून पाहा. दरवर्षी ५ कोटी रुपयांप्रमाणे २८८ सदस्यांचे १,४४० कोटी होतात. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा. म्हणजे हजार रुपयांतले दोन रुपये आपण सुचवता त्या कामांवर खर्च होतात, आणि आमदार कार्यालयाचा बहुतेक वेळ त्या दोन रुपयांत जातो. उरलेल्या ९९८ रुपयांपैकी, कर्जाच्या व्याजासारखा मतदानाला न टाकला जाणारा भारित खर्च सोडून, बाकी सगळ्यावर मत द्यायचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २०३ ने आपल्याला दिला आहे. अनुदानाची मागणी सभागृह मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू शकत नाही. यावर ‘मग आमच्या हातात काय’ असा सूर ऐकू येतो. हातात कपात सूचना आहे. खात्याच्या मागणीत कपात सुचवून त्या निमित्ताने त्याच्या धोरणावर बोलता येते, आणि हा जुना, मान्य मार्ग आहे. विभागवार मागण्यांच्या चर्चेत ठरलेला वेळ संपला की बाकीच्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात. आपल्या तीन विषयांची खाती त्या वाट्याला जाऊ नयेत, असे आपल्या गटनेत्यांना आणि त्यांच्यामार्फत कामकाज सल्लागार समितीला आधीच सांगा. पुरवणी मागण्यांचे पुस्तकही चाळा. मार्चमध्ये ज्या कामाला पैसा नाही म्हणून सांगितले, त्याच्या शेजारच्या मतदारसंघातले तसलेच काम जुलैत तिथे सापडते.

दोन रुपयांबद्दलही एक शब्द. आपण काम सुचवता, मान्यता जिल्हाधिकारी देतात. प्रस्ताव परत येतो त्याची कारणे ठरलेली आहेत. सातबारावर जागा खासगी मालकाच्या किंवा ट्रस्टच्या नावे असते, ग्रामपंचायतीचा ठराव नसतो, तेच काम दुसऱ्या योजनेत आधीच घेतलेले असते. काम झाल्यावरची अडचण वेगळी. हायमास्ट दिवा आमदार निधीतून बसतो, वीजबिल ग्रामपंचायतीला येते, वर्षभरात जोडणी तुटते आणि खांबावर नावाची पाटी तेवढी उरते. ग्रामपंचायत बिल भरणार असल्याचा ठराव आधी घ्या, मगच शिफारस करा.

एक उदाहरण पूर्ण उलगडून सांगतो, कारण प्राधान्य कुठे मरते ते त्यात दिसते. मैदानी भागात ३०,००० आणि आदिवासी वा डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. आपल्या तालुक्यात निकषाप्रमाणे एक केंद्र कमी पडते असे समजू. आधी बृहत् आराखड्यात, म्हणजे नवी केंद्रे कुठे व्हायची याच्या राज्याच्या यादीत, नाव यावे लागते. मग स्थापनेला मान्यता. मग जागा, जिचा सातबारा विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावे झालेला हवा. मग अंदाजपत्रक, मान्यता, निविदा, बांधकाम. इथवर भूमिपूजन आणि लोकार्पण असे दोन सोहळे होतात. केंद्र मात्र अजून सुरू झालेले नसते, कारण पदनिर्मिती झालेली नसते. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची पदे निर्माण करायला वित्त विभागाची संमती आणि उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते. हा प्रस्ताव पुष्कळदा इमारत पुरी होत आल्यावरच हलतो. त्यात प्रश्न आले, आकृतिबंधाचा (विभागाला किती आणि कोणती पदे हवीत याचा) आढावा निघाला, की फाइल परत. इकडे दारे-खिडक्या कुजतात आणि मग दुरुस्तीचा नवा प्रस्ताव निघतो.

लोकांना दिसते ती इमारत, म्हणून आमदाराचा जोर इमारतीवर. खरा अडसर पदांच्या फाइलमध्ये आहे. तेव्हा प्राधान्य असे लिहा : ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्राची पदे अमुक महिन्यापर्यंत मंजूर करून घेणे, बांधकाम स्लॅबपर्यंत आले की पदनिर्मितीचा प्रस्ताव सादर झाला पाहिजे.’ मग त्यावर प्रश्न, लक्षवेधी आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना, तिन्ही लावता येतात. वीजजोडणी आणि पाण्याचा स्रोत मूळ अंदाजपत्रकातच आहे का तेही पाहा. या दोन बाबी वगळून किंमत कमी दाखवण्याची युक्ती जुनी आहे.

नळपाणी योजनांचेही असेच. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे आहे. नळ लागले, टाकी बांधली, पण विहिरीला एप्रिलमध्ये पाणी नाही. उद्भव (पाण्याचा स्रोत) किती दिवस टिकतो याचा दाखला उन्हाळ्यातल्या चाचणीचा मागा, पावसाळ्यानंतरचा नको. शाळांच्या बाबतीत वर्गखोल्यांपेक्षा संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून ठरणारी शिक्षकांची मंजूर पदे, वाचा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पटाच्या नोंदीत मुले वगळली गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि नवी खोली रिकामी राहते.

समित्यांविषयी थोडक्यात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्याविषयीचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार आपल्यासमोर ठेवले जातात. ते पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, त्यामुळे बातमीपलीकडे जात नाहीत. आपला जिल्हा नमुना तपासणीत होता का हे अहवालाच्या परिशिष्टात पाहा. असेल तर कामाचे नाव, रक्कम आणि त्रुटी तयारच मिळतात. लोकलेखा समिती, अंदाज समिती किंवा पंचायती राज समितीवर नेमणूक झाली तर ती शिक्षा समजू नका. तिथे सचिवाला समोर बसवून, कॅमेऱ्याविना, कागद मागता येतो. मंत्रीपद न मिळालेल्या आमदाराला एवढा अधिकार दुसरीकडे कुठेही नाही.

शेवटी हे सगळे सांगायचे कुठे. पंचायत समितीची वार्षिक आमसभा आपल्याच अध्यक्षतेखाली होते. ती पुष्कळ तालुक्यांत वर्षानुवर्षे होत नाही, किंवा झाली तर सत्कारांत आटोपते. पुढची आमसभा लावा आणि तिथे तीन कागद वाटा. पहिला, नमुना २६ चे या वर्षीचे रकाने, गुन्ह्यांचा तक्ता आणि संस्थांतली पदे. दुसरा, तीन प्राधान्ये आणि प्रत्येकापुढे लेखाशीर्ष, सध्याची अवस्था, तिचा दिनांक आणि अडकली असेल तर फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते पद. तिसरा, वर्षभरात दिलेले प्रश्न, मिळालेली उत्तरे आणि न पाळलेली आश्वासने. तिन्ही मराठीत, साध्या कागदावर, फोटोविना. आमसभेच्या आठ दिवस आधी ते ग्रामपंचायतींच्या फलकावर लागले तर लोक प्रश्न तयार करून येतील. गटविकास अधिकाऱ्यांपासून उपअभियंत्यांपर्यंत सगळे त्या मंडपात हजर असतात. अडलेल्या फाइलचा खुलासा त्यांच्याकडून तिथल्या तिथे मागता येईल आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेता येईल.

आपले,
विधिमंडळाचे कागद वाचणारे काही मतदार